पहिला फूट

आमच्या मासिकात गाडीच्या प्रत्येक चाचणीखाली एक बारीक ओळ छापलेली असते : ‘वेळ गाडी हलल्या क्षणापासून मोजली आहे.’ वाचायला भिंग घ्यावं लागेल इतकी बारीक. ती ओळ दादाच्या हट्टामुळे आली, आणि गेले सहा महिने ती खोटी होती ती माझ्यामुळे.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. वय त्रेपन्न, त्यातली बावीस वर्षं मासिकाचा टेस्ट ड्रायव्हर. गाडी तो पळवतो, मोजते मी. ऑफिसात मला ‘घड्याळ’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण भिंतींना कान असतात तसे मलाही आहेत. दादा मात्र मला चिमी म्हणतो, बेचाळिसाव्या वर्षी, चारचौघांत, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

लोकांना वाटतं, यात काय एवढं? उभ्या गाडीत बसायचं, पाय दाबायचा, शंभराचा वेग यायला किती सेकंद लागले ते बघायचं. बघा करून. आमच्याकडे त्यासाठी साबणाच्या वडीएवढा एक डबा आहे. तो गाडीच्या काचेला चिकटतो, त्याचा अँटेना छतावर बसतो, एक वायर ब्रेकच्या पेडलला जाते, आणि सेकंदाला शंभर वेळा तो गाडीचा वेग लिहून ठेवतो. मी धावपट्टीच्या कडेला टेबल टाकून बसते. आकडे, रेघा सगळं माझ्या टॅबवर येतं. त्या डब्याला खोटं बोलता येत नाही. त्याला खोटं बोलायला लावता येतं, ही गोष्ट वेगळी.

कसं लावायचं तेही सांगते. जुन्या काळी शर्यतींत घड्याळ प्रकाशाच्या किरणावर चालायचं. चाक किरणातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू, आणि तोवर गाडी फूटभर पुढे सरकलेली असायची. तो पहिला फूट फुकटात. किरण गेले, पण अजूनही बरेच जण तो फूट सोडूनच मोजतात, कारण त्यात पाव सेकंद वाचतो आणि आकडा गोंडस दिसतो. दादाला याची भयंकर चीड. ‘पेपरातला पहिला प्रश्न अवघड म्हणून सोडून द्यायचा आणि वर पैकीच्या पैकी मार्क मागायचे,’ असं तो म्हणायचा. म्हणून ती बारीक ओळ. डब्याच्या मेनूत मात्र दोन्ही सोयी आहेत. ‘पहिला फूट : मोजा.’ ‘पहिला फूट : सोडा.’

मार्च महिन्यात मी ‘सोडा’वर बोट ठेवलं.

झालं असं. हल्लीच्या वेगवान गाड्यांत सुटायची एक ठरलेली रीत असते. डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तळापर्यंत. इंजिन एका सुरात गुरगुरायला लागलं की डावा पाय झटकन उचलायचा, बास. उचलायला उशीर झाला तर बिघडत नाही, गाडी हलल्याशिवाय घड्याळ चालूच होत नाही. पण पाय अर्धवट उचलला तर गाडी हलते आणि ब्रेक तिला मागून धरून ठेवतो. घड्याळ चालू, गाडी लंगडी. दादाच्या ब्रेकची रेघ टॅबवर नेहमी भिंतीसारखी सरळ खाली यायची. मार्चमधल्या त्या दिवशी ती घसरगुंडीसारखी आली. एकदा नाही, सहाही वेळा. मग मला बाकीचंही दिसायला लागलं. तो ऑफिसच्या पायरीला ठेचकाळायचा. त्याच्या डाव्या बुटाचं टोक घासून पांढरं झालं होतं. पावलाचा पुढचा भाग त्याला वर उचलता येत नव्हता, आणि ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात संपादकांनी एका तिशीतल्या ड्रायव्हरला ‘सहज’ चहाला बोलावलं होतं. संपादक धावपट्टीवर कधी येत नाहीत, उंटावरून शेळ्या हाकतात, पण आकडे बघतात. मला एवढंच कळलं की वाईट आकडा गेला तर दादाची खुर्ची गेली, आणि त्या खुर्चीवाचून त्याचं काय करायचं ते मला, वहिनीला, कुणालाच सुचलं नसतं. मी ‘सोडा’ केलं. पायाने खाल्लेला वेळ आणि सोडलेल्या फुटाचा वेळ जवळपास सारखाच निघाला. आकडा जिथल्या तिथे येऊन बसला. म्हटलं, एक महिना. तोवर पाय सुधारेल, नाहीतर मीच सांगेन. पुढच्या महिन्यात म्हटलं, पुढच्या महिन्यात. अशा अकरा गाड्या झाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकून झाकून दुखायला लागली होती.

बारावी गाडी सप्टेंबरात आली.

कंपनीची माणसं येतात ती सहसा टोप्या, माहितीपत्रकं आणि हसू घेऊन येतात. या गाडीबरोबर आली ती एक इंजिनिअर बाई. अठ्ठावीस-तिशीची, केस घट्ट बांधलेले, खिशाला तीन पेनं. आणि तिने पिशवीतून स्वतःचा डबा काढला.

“तुमचंच मोजमाप धरायचं,” ती म्हणाली. “माझा आपला सोबतीला. चालेल ना?”

“चालेल की,” दादा म्हणाला. “साक्षीदार असलेला बरा.”

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला कुणीतरी पाठवलंय. तसं काही नव्हतं. ती फक्त काम नीट करणारी होती, आणि माझ्यासाठी ते जास्त वाईट होतं.

धावपट्टी जुनी, विमानं बंद झालेली. दोन किलोमीटर काँक्रीट, दोन्ही कडांना गुडघाभर गवत, आणि त्याच्या अलीकडे पावसाचं पाणी जायला खोल चर. सकाळचे साडेसात वाजले होते, वारा जवळजवळ नव्हता. छतावर दोन अँटेना शेजारी शेजारी बसले. टेबलावर दोन टॅब. मला मेनू उघडून ‘मोजा’ करायला एक क्षण हवा होता, पण ती माझ्या कोपराला कोपर लावून बसली. आणि खरं सांगायचं तर क्षण मिळाला असता तरी मी काय केलं असतं, देव जाणे.

कंपनीचा दावा होता ३.३ सेकंदांचा, गाडी हलल्यापासून. दादा पहिल्या खेपेला सुटला, इंजिन किंचाळलं, गाडी आमच्यासमोरून गेली, लांब जाऊन ब्रेकचे दिवे लागले.

माझ्या टॅबवर आलं ३.२९. तिच्या टॅबवर ३.६१.

वॉकी-टॉकीवर दादाचा आवाज आला, “किती?”

“तीन एकोणतीस,” मी म्हटलं.

“आणि मॅडमचा?”

“तीन एकसष्ट,” तिने स्वतःच सांगितलं.

“तुमचा अँटेना नीट बसला नसेल. बघून घ्या. आमच्या चिमीचा डबा चुकत नाही.”

तो हे इतक्या सहज म्हणाला की मी मान खाली घालून आकडा वहीत उतरवला.

तिने अँटेना काढला, पुसला, पुन्हा बसवला. वारा असो, उतार असो, एका दिशेचा आकडा आम्ही धरत नाही, म्हणून दुसरी खेप उलट्या बाजूने झाली. ३.३१ आणि ३.६४. तिसरी, ३.२८ आणि ३.६२. आता ती टॅबवर वाकून रेघा वाचत होती. तिचा डबा गाडीच्या कॉम्प्युटरलाही जोडलेला होता, त्यामुळे तिला गाडीच्या आतलंही सगळं दिसत होतं. तिचं बोट एका जागी थांबलं आणि तिथेच राहिलं.

“ब्रेक सुटत नाहीये,” ती म्हणाली. “गाडी सुटल्यावरही दाब राहतोय. जवळजवळ अर्धा सेकंद.”

“असं?” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

“हा ब्रेक माझ्या टीमने केलाय.” तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. “पुढच्या आठवड्यात चारशे गाड्या बाहेर पडतायत. आत कुठे झडप अडकत असेल तर... मला फोन करावा लागेल. सगळ्या थांबवाव्या लागतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्याकडेही पेडलची रेघ येते ना? दाखवता?”

“उन्हात नीट दिसत नाही हो,” मी म्हटलं आणि टॅब माझ्याकडे कलता केला. इतकं फालतू कारण मी शाळेत गृहपाठ न केल्यावरही दिलं नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. “पण मग तुमचा आकडा बरोबर कसा येतोय?” तिच्या आवाजात संशय नव्हता. खरंच समजून घ्यायचं होतं तिला.

मी उत्तर देण्याआधी वॉकी बोलली. “मॅडमना म्हणावं, आणखी एकदा करतो. नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणायला नको.”

“दादा, पुरे,” मी म्हटलं. “टायर तापलेत.”

“तापलेलेच बरे.”

चौथ्या खेपेला तो सुटला आणि पहिल्याच क्षणाला काहीतरी चुकलं ते मला टॅब न बघता कळलं. गाडीने नाक खाली घातलं, गचके खाल्ले, आणि मग एकदम मोकळी झाली. पाय अडकून एकदाचा सुटला होता. चारी चाकं किंचाळली, गाडी आडवी झाली आणि डावीकडच्या चराकडे निघाली. मी उभी राहिले होते. खुर्ची कधी पडली ते कळलं नाही. दादाने एकदा उलटं वळवलं, पुन्हा सुलटं, आणि काँक्रीटच्या कडेपासून हातभर अंतरावर गाडी सरळ झाली. टायरचा धूर हवेत तरंगत राहिला.

वॉकीवर दादा म्हणाला, “मॅडम, तुमचा आकडा बरोबर आहे. ब्रेक धरतोय.”

तो टेबलापर्यंत गाडी घेऊन आला, उतरला, हेल्मेट काढलं. कपाळ घामाने भिजलेलं. डावा पाय टाकताना बुटाचं टोक काँक्रीटला घासलं, तो आवाज मी ऐकला. इंजिनिअर बाईंनी त्याला झडपेचं, चारशे गाड्यांचं सांगितलं आणि फोन हातात घेतला.

“थांबा,” दादा तिला म्हणाला. “फोन करण्याआधी खात्री करू. एकट्या माझ्या बोलण्यावर चारशे गाड्या कशाला अडवता? विम्याच्या कागदावर आमच्या दोघांची नावं आहेत. चिमे, तू बस. तुझ्या पायाखालीही ब्रेकने धरलं, म्हणजे प्रश्न मिटला.”

त्याला गाडीचाच दोष वाटत होता. का वाटू नये? सहा महिने त्याचे आकडे चोख होते. चोख असल्याचं मीच त्याला सांगत होते.

मी टॅब उचलला, मेनू उघडला आणि ‘मोजा’वर बोट ठेवलं. इंजिनिअर बाईंनी ते पाहिलं. तिने फोन हळूच टेबलावर उपडा ठेवला आणि ती लांब गवताकडे बघत राहिली.

गाडीत सीट दादाच्या अंगाने गरम होती. मी ती पुढे ओढली, आरसा खाली केला, हेल्मेटचा पट्टा आवळला. वळवून सुरुवातीच्या रेषेवर आणली. डावा पाय ब्रेकवर. उजवा तळापर्यंत. इंजिन एका सुरात आलं, डॅशबोर्डवर सुटायला तयार असल्याचा हिरवा दिवा लागला, सगळी गाडी पायाखाली थरथरायला लागली.

आता एकच करायचं होतं, पाय सावकाश उचलायचा. कुणाला कळलं असतं? तीन साठ आले असते. गाडीच्या नावावर दोष लागला असता, कारखान्यात महिनाभर झडपा उघडून बघितल्या असत्या, एका मुलीची झोप उडाली असती, आणि माझा भाऊ ड्रायव्हर राहिला असता. इतके महिने मी त्याच्यासाठी एवढं केलं, हे त्यापुढे काहीच नव्हतं. मी खरंच तसं करणार होते. हे लिहायला लाज वाटते, पण करणार होते.

मग कडेचा तो चर दिसला. ही खेप मी घालवली तर पुढच्या गाडीत याच जागी तो बसणार, त्याच्या पुढच्याही गाडीत तोच, आणि एक दिवस हातभर अंतर उरणार नाही. मला त्याचा राग आला, माझा त्याहून जास्त आला, आणि मी पाय झटकन उचलला.

गाडीने मला सीटमध्ये दाबलं. ब्रेकने काही धरलं नाही. शंभर कधी ओलांडले ते कळलंसुद्धा नाही. टोकाला जाऊन वळवली आणि उलट्या बाजूनेही तसंच केलं. कुणीही वॉकीवर आकडा विचारला नाही.

टेबलाजवळ आले तेव्हा दादा माझ्या खुर्चीवर बसला होता, चष्मा लावून. दोन्ही टॅब त्याच्या पुढ्यात. एकावर ३.३१, ३.३४. दुसऱ्यावरही ३.३१, ३.३४.

“गाडी चांगली आहे तुमची,” तो इंजिनिअर बाईंना म्हणाला. “फोन करू नका कुणाला. दोष ब्रेकचा नाही.”

“सर...” तिने सुरुवात केली. ती अँटेना काढायला गाडीकडे गेली आणि एरवी दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला तिने बराच वेळ लावला.

“आता दोन्ही डबे सारखं बोलतायत,” दादा म्हणाला. “मगाशी नव्हते बोलत.”

मी सांगितलं. उभ्या उभ्या, त्याच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. मेनू, घसरगुंडीसारखी रेघ, संपादकांचा चहा.

“कधीपासून?”

“मार्चपासून.”

“किती गाड्या?”

“अकरा.”

तो ओरडेल याची मी तयारी केली होती. ती बारीक ओळ, वाचकांचा विश्वास, बावीस वर्षं, जे जे तो म्हणेल ते ऐकून घ्यायला मी तयार होते. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

“मार्चमधली ती लाल गाडी,” तो म्हणाला. “तीन नव्वद आली होती.”

“खरी चार वीस होती.”

“मला तेव्हाच शंका आली होती, चिमे. पाय माझा असल्यासारखा वाटायचा नाही. तुझ्या वहिनीने डॉक्टरांना फोन केला, वेळही घेतली. ते फोनवरच म्हणाले होते, पाठीत नस दबली असेल तर उशीर करू नका, मग पाय परत येत नाही. दुसऱ्या दिवशी जायचं होतं. त्या संध्याकाळी मी तुझा आकडा बघितला. तीन नव्वद, कंपनीच्या आकड्याला चिकटून. म्हटलं, पाय मंद असता तर हा आकडा आलाच नसता. घरी जाऊन वेळ रद्द करायला लावली. ती नको नको म्हणत होती, तर तिला म्हणालो, डॉक्टरपेक्षा आमच्या चिमीचा डबा बरा.”

तुझ्यासाठीच केलं, असं म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि म्हणूनच तोंडातून निघालं नाही.

“अकरा गाड्यांची यादी कर,” तो म्हणाला. “खरे आकडे शेजारी. पुढच्या अंकात पहिल्या पानावर. संपादकांना मी सांगतो.” मग त्याने खिशातून फोन काढला आणि वहिनीला लावला. मी लांब जायला लागले तर त्याने मनगट धरून मला थांबवलं.

“अगं, त्या डॉक्टरांचा नंबर आहे का अजून? ... हो, पायासाठीच. आज जरा जास्त वाटलं. ... नाही नाही, पडलो वगैरे नाही. ... आजची मिळते का बघ.” पलीकडून वहिनीचा चढलेला आवाज मला ऐकू येत होता, मार्च, मार्च असं काहीतरी. दादाने माझं मनगट सोडलं नाही.

“मार्चमध्ये आकडे बरोबरच होते गं,” तो म्हणाला. “चिमीने नीट मोजले होते. पाय आत्ताच बिघडलाय.”

शतांश सेकंदासाठी लोकांशी भांडणारा माझा भाऊ माझ्यासाठी वहिनीशी खोटं बोलून अख्खे सहा महिने खाऊन टाकत होता, आणि मी त्याच्या शेजारी उभी राहून ते ऐकत होते.